चष्मेवाल्यांची नापास होण्याची खटपट

चष्मेवाल्यांना फक्त कपाट हवं होतं. आज कुणी विचारलं तरी ते हेच सांगतात.

कपाट त्यांच्या मामांचं होतं. भक्कम लाकडी, पुढे आरसा आणि आत चोवीस छोटे छोटे खण. भिंगं नंबरवार लावून ठेवण्यासाठीच कुणीतरी ते घडवलंय अशी चष्मेवाल्यांची लहानपणापासूनची समजूत होती. मामा म्हातारे होत गेले तसं भाच्याचं प्रेम वाढत गेलं. भेटायला गेले की मामांच्या गुडघ्यांची चौकशी करता करता ते एक हात कपाटावरून फिरवायचे. मामांना सगळं कळत होतं. ते आयुष्यभर बोटीवर स्वयंपाकी होते, लग्न वगैरे भानगडीत पडले नव्हते, आणि जाता जाता त्यांनी कागदावर एकच ओळ लिहून ठेवली : माझं कपाट, आतील सर्व वस्तूंसह, भाच्यास द्यावं. भाच्यानं डोळे पुसले, सही केली आणि त्याच संध्याकाळी हातगाडी बोलावली.

आतील सर्व वस्तू म्हणजे लोकरी मोज्यांचे दोन जोड, दाढीचा ब्रश, उत्तर दिशा विसरलेलं एक होकायंत्र, आणि सगळ्यात खालच्या खणात मऊ फडक्यात गुंडाळलेलं पिस्तूल.

ते पिस्तूल इतकं लहान होतं की पहिल्यांदा चष्मेवाल्यांना तो सिगारेट पेटवायचा लायटर वाटला. तळहातावर ठेवलं की चारी बाजूंनी तळहात उरायचा. नळी दोन बोटं लांब, मूठ दोन बोटांपुरती. तिसऱ्या बोटाला कुठे जागाच नाही, ते आपलं कपातून चहा पिणाऱ्या बाईच्या करंगळीसारखं हवेत. गोळी पाव इंच जाडीची. मामांनी हे कुठल्या बंदरात आणि कुणाच्या भीतीनं घेतलं, ते मामांबरोबर गेलं.

दुसरा कुणी असता तर त्यानं ते विहिरीत टाकून हात झटकले असते. चष्मेवाले ते घेऊन सरळ पोलीस चौकीत गेले. सज्जन माणसाला अडकवायला फार मोठं जाळं लागत नाही, एक चौकशी खिडकी पुरते. खिडकीतल्या कारकुनानं कागद पाहिला, सही पाहिली, पिस्तूल पाहिलं, आणि म्हणाला, "वारस तुम्हीच. अभिनंदन." पंधरा दिवसांत चष्मेवाल्यांच्या नावानं परवाना आला. त्यावरच्या फोटोत ते भलत्याच कुणाच्या गुन्ह्यात सापडल्यासारखे दिसत होते.

सुरुवातीला फारसं काही बिघडलं नाही. पिस्तूल चष्म्याच्या घरात अगदी बेतानं बसायचं, म्हणून ते तसंच दुकानातल्या कपाटात असायचं. एकदा एका आजीबाईंनी आपलं समजून ते घर उघडलं, आत पाहिलं, झाकण लावलं आणि म्हणाल्या, "हे माझं नव्हे, माझं सोनेरी काडीचं." त्या दिवशी बायकोनं कपाटासकट पिस्तूल दुकानातून उचलून घरात आणलं, आणि भिंगं परत पुठ्ठ्याच्या खोक्यांत गेली. म्हणजे ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते कपाटही हातचं गेलं.

बायकोनं पिस्तुलाचं नाव ठेवलं सवत. "सवतीला तेल घातलंत का?" "सवतीच्या खोलीत ओल आलीय, बघा." चष्मेवाले निमूटपणे बघायचे.

खरी अडचण परवान्याच्या मागच्या बाजूला छापलेली होती. परवानाधारकानं शस्त्र स्वतःच्या ताब्यात ठेवावं. घर एका रात्रीपेक्षा जास्त सोडायचं असेल तर मान्यताप्राप्त दुकानात जमा करून जावं. गावाबाहेर ते न्यायला परवानगी नाही. गावात मान्यताप्राप्त दुकान एकच होतं. चार वर्षांपूर्वी त्या दुकानदारानं बंदुका विकणं सोडून संडासाच्या फरश्या विकायला सुरुवात केली. आणि त्याच वर्षी चष्मेवाल्यांची लेक लग्न होऊन, बसनं जायला एक अख्खा दिवस आणि एक अख्खी रात्र लागते अशा गावी गेली.

चार वर्षांत चष्मेवाल्यांनी लेकीचं घर पाहिलं नव्हतं. तिच्या बाळंतपणाला बायको एकटी जाऊन आली. लेकीला रजा मिळत नव्हती, जावयाला दुकान सोडता येत नव्हतं. नात फोनच्या पडद्यावर बसायला शिकली, रांगायला शिकली, आणि आता भिंत धरून उभी राहत होती.

"बाबा, तुम्ही पडद्यातच राहता असं वाटतंय तिला," लेक एकदा म्हणाली. "परवा बातम्या देणारा तो चष्मेवाला माणूस दिसला, तर त्याला आबा म्हणाली."

"बरा दिसतो का तो?"

"तुमच्यापेक्षा केस जास्त आहेत."

चष्मेवाले हसले, फोन ठेवला, आणि त्या रात्री जेवले नाहीत. पिस्तुलापासून सुटायची खटपट तर त्यांनी लेक सासरी गेली त्याच वर्षी सुरू केली होती; तेव्हाच ते चौकीच्या खिडकीपाशी गेले. पिस्तूल परत घ्या म्हणाले. कारकुनानं नियमांचं पुस्तक काढलं. हा कारकून मनानं वाईट नव्हता. फक्त पुस्तकात नसलेलं काही जगात असू शकतं यावर त्याचा विश्वास नव्हता.

"शस्त्र नादुरुस्त असेल तर परत घेतो," तो म्हणाला.

"आमचं अगदी ठणठणीत आहे हो."

"धारक वारला तर घेतो."

"त्याला जरा वेळ आहे."

"नाहीतर धारक वार्षिक नेमबाजी चाचणीत नापास झाला तर. पंधरा पावलांवरून पाच गोळ्या, तीन फळीवर लागल्या पाहिजेत. नाही लागल्या की परवाना रद्द, शस्त्र जमा. पण तुम्ही," त्यानं फाईल उलटली, "तुम्ही तर दर वर्षी पाचपैकी पाच. शाबास."

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा बायको भाजी निवडत होती. "मग झालं तर," ती म्हणाली. "नापास व्हा. त्यात तुमचा हात कोण धरणार आहे?"

इथं चाचणी घेणाऱ्या फौजदारांची ओळख करून द्यायला हवी. गावाच्या टोकाला बंद पडलेल्या दगडखाणीत वाळूची पोती रचून आणि एक लाकडी फळी उभी करून त्यांनी नेमबाजीचं मैदान केलं होतं. कडक इस्त्री, ताठ कणा, आवाज असा की खाणीतली कबुतरं सवयीनं आधीच उडून जायची. चष्मा वापरत, तोही आमच्या चष्मेवाल्यांनीच नऊ वर्षांपूर्वी करून दिलेला. त्यानंतर नंबर तपासा म्हटलं की म्हणायचे, "माझी नजर ससाण्याची आहे. काच फक्त धुळीसाठी लावतो."

त्या पहिल्या वर्षी चष्मेवाल्यांनी मन लावून नापास होण्याचा प्रयत्न केला. फळीच्या डावीकडे चांगलं हातभर अंतर सोडून पाचही गोळ्या पोत्यांत घातल्या. एवढुशा नळीतून आवाज मात्र फटाक्यासारखा येई, आणि मागे सरकणारी पट्टी दर वेळी अंगठ्याच्या बेचक्यात चावे. फौजदारांनी डोळे बारीक करून फळीकडे पाहिलं. "पाच," ते म्हणाले. "दाट बसल्यात. एकाच भोकातून गेल्यात म्हणा ना."

साहेबांनी आपल्याला सांभाळून घेतलं असं चष्मेवाल्यांना वाटलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी पोत्यांच्याही वर, खडकावर गोळ्या मारल्या. पाच. तिसऱ्या वर्षी पिस्तूल दुसऱ्या गोळीनंतर अडकलं, चाप पुढे जाईना की मागे येईना. तीन काडतुसं आतच. (नादुरुस्त म्हणून परत द्यावं, तर घरी तेल घालताच ते पुन्हा ठणठणीत झालं.) फौजदारांनी फळीकडे पाहून मान डोलावली. "पाच. सुधारणा आहे."

त्या क्षणी चष्मेवाल्यांमधला नापास होऊ पाहणारा माणूस मागे सरला आणि तीस वर्षं भिंगं घासणारा माणूस पुढे आला. पंधरा पावलांवर हे. दीड नंबरानं तरी वाढलाय, ते मनात म्हणाले. कदाचित पावणेदोन.

तेवढ्यावर ते गप्प बसले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण यंदाच्या चाचणीच्या महिनाभर आधी फौजदार चष्म्याची हललेली काडी घट्ट करून घ्यायला दुकानात आले. चष्मेवाल्यांनी त्यांना खुर्चीत बसवलं, नाकावर चाचणीची चौकट चढवली आणि म्हणाले, "फ्रेम सरळ बसते का तेवढं पाहतो. समोरची अक्षरं जरा वाचा." फौजदारांनी पहिली ओळ खणखणीत वाचली. खालच्या पाच ओळी मनानं रचल्या, त्याही तितक्याच खणखणीत आवाजात.

चार दिवसांनी नवा चष्मा डोळ्यांवर चढवून ते दुकानाच्या दारात उभे राहिले आणि रस्त्यापलीकडच्या झाडाकडे बघत राहिले.

"काही चुकलं का साहेब?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"त्या झाडाला पानं आहेत," फौजदार म्हणाले.

"आहेत की."

"म्हणजे पानं असतात हे माहीत होतं. सुटी सुटी असतात हे विसरलो होतो."

त्यांनी चष्मेवाल्यांचा हात दोन्ही हातांत धरून दाबला. चष्मेवाल्यांना जरा लाज वाटली, कारण हे काम त्यांनी लबाडीनं केलं होतं. पण त्या लाजेच्या तळाशी आनंद होता. आता हा माणूस पाहील आणि आपण सुटू. बायकोनंही चाचणीच्या दुसऱ्या दिवसाची बसची दोन तिकिटं काढून ठेवली, शेजारशेजारची, एक खिडकीजवळचं.

चाचणीच्या दिवशी चष्मेवाल्यांनी पाच गोळ्या मारल्या. मुद्दाम चुकवायचीसुद्धा गरज पडली नाही. साधा, प्रामाणिक नेम धरला तरी त्यांची गोळी फळीला कधी शिवायची नाही. फौजदारांनी फळीकडे पाहिलं. मग नऊ वर्षांत पहिल्यांदाच ते फळीपर्यंत चालत गेले. फळीवरून हात फिरवला. ती गुळगुळीत होती, सुताराकडून आत्ता आल्यासारखी. मग त्यांनी मागची पोती पाहिली. ती गावातल्या सगळ्या परवानाधारकांनी मिळून अशी फोडली होती की अर्धी वाळू जमिनीवर आली होती.

फौजदार एका दगडावर बसले.

"ही फळी नऊ वर्षांची आहे," ते म्हणाले.

चष्मेवाल्यांनी पिस्तूल फडक्यात गुंडाळलं.

"मी तुम्हाला पाच दिले. तुम्हालाच नाही, सगळ्यांना दिले."

"साहेब, आता नापास लिहून टाका. माझी काहीच तक्रार नाही."

"तुमची नसेल. माझी आहे." त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. "तुम्ही नापास नाही, मी आहे. तुम्ही मला डोळे दिलेत आणि मी तुम्हाला नापास करून घरी पाठवू? एक महिना देतो. रोज सकाळी इथं यायचं. मी शिकवतो. महिन्यानं खरी परीक्षा घेईन. तेव्हा चुकलात तर ह्याच हातानं नापास लिहीन, पिस्तूल जमा. शब्द माझा."

"पण साहेब, माझं उद्याचं तिकीट—"

"तिकीट पुढे ढकला," फौजदार म्हणाले, आणि खाणीतली कबुतरं उडाली.

बायकोनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे आधी आंधळा होता म्हणून पास करत होता," ती म्हणाली, "आणि आता दिसतं म्हणून पास करणार. तुम्हाला कुणी सांगितलं होतं त्याला चष्मा द्यायला?"

"अगं, दीड नंबर वाढला होता त्याचा."

"तुमचं काय वाढलं होतं?"

तरी तिनं तिकिटं बदलून आणली. महिन्यानंतरची, परीक्षेच्या दुसऱ्या सकाळची, पुन्हा दोन. बसवाल्यानं बजावलं, आता आणखी बदलून मिळणार नाहीत. लेकीला फोन झाला. पलीकडून नातीला कुणीतरी शिकवलं, "आबा येणार म्हण." ती काहीतरी म्हणाली. त्यात आबा होतं, बाकीचं लाळ होती.

चष्मेवाल्यांच्या मनात काळजी अशी नव्हती. आठ वर्षांत ज्याची एक गोळी फळीला लागली नाही, तो महिन्यात काय लावणार? फौजदारांचं मन राखायचं, महिनाभर खाणीत हजेरी लावायची आणि शेवटी नेहमीसारखं चुकायचं.

पण फौजदार शिकवणारे निघाले. पहिले आठ दिवस गोळीच नाही, रिकामं पिस्तूल. तिसरं बोट मुठीखाली दुमडून घ्यायला लावलं, त्याबरोबर मूठ हातात बसली. अंगठा खाली घ्यायला लावला, तशी पट्टीनं चावणं सोडलं. नळीच्या टोकावरचा टाचणीएवढा उंचवटा कशासाठी असतो, हे चष्मेवाल्यांना आठ वर्षांनी कळलं. सगळी गाडी अडत होती ती चापापाशी. ते चाप असा खसकन ओढायचे की नळी आकाशाला सलाम ठोकायची.

एका सकाळी फौजदार म्हणाले, "तुम्ही भिंगाची कड घासता तेव्हा हात दाबता का?"

"छे. दाबलं की कपची उडते. वजन हळूहळू सोडायचं. हाताला कळायच्या आधी काचेला कळलं पाहिजे."

"मग इथं कुस्ती कशाला खेळताय? सोडा वजन."

चष्मेवाल्यांनी सोडलं. आवाज झाला तेव्हा ते स्वतःच दचकले. फळीच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं टोचल्यासारखं एक भोक पडलं होतं. फौजदार धावत जाऊन त्यावर बोट ठेवून उभे राहिले, जणू ते भोक पळून जाईल.

घरी त्यांनी हे सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी दोन भोकं पडली, तेही सांगितलं नाही. चौथ्या आठवड्यात भोकं फळीच्या मध्याकडे सरकायला लागली. चष्मेवाल्यांना दुकानात भिंग घासताना खाण आठवायची आणि खाणीत भिंग. पिस्तूल हातात घेतलं की तळहात आता उरत नव्हता. एकदा चहा पिताना बायकोनं पाहिलं, त्यांनी कपाचा कान धरून एक डोळा मिटला होता.

"काय करताय?"

"काही नाही. कचरा गेलाय डोळ्यात."

"उद्या परीक्षा आहे. चुकायचंय, लक्षात आहे ना?"

"त्यात काय लक्षात ठेवायचंय?" चष्मेवाले म्हणाले.

परीक्षेला फौजदार नवा गणवेश घालून आले होते. फळीही नवी होती, पांढरी रंगवलेली. साक्षीदार म्हणून कारकुनाला आणलं होतं, तो खांद्यावर रुमाल टाकून दगडावर बसला. फौजदारांनी कुठलीही खूण केली नाही, एक शब्द सुचवला नाही. फक्त चष्मा पुसून उभे राहिले.

चष्मेवाले पंधरा पावलांवर उभे राहिले. घरी दोन पेट्या भरून तयार होत्या. उद्या सकाळी या वेळी ते बसच्या खिडकीत असणार होते. त्यांनी नीट डावीकडे नेम धरला, वाळूच्या पोत्यावर, आणि पहिली गोळी मारली. ती पोत्यात गेली. सुटलो, त्यांना वाटलं. आणखी दोन अशाच घालवल्या की काम झालं.

दुसऱ्या गोळीसाठी त्यांनी हात उचलला. तिसरं बोट आपोआप दुमडलं, अंगठा आपोआप खाली गेला. श्वास अर्धा बाहेर येऊन थांबला. नळीवरचा तो टाचणीएवढा उंचवटा खाचेत येऊन बसला, आणि त्याच्यामागे फळी इतकी स्वच्छ, इतकी पांढरी होती. ह्या हातांनी तीस वर्षांत जाणूनबुजून एक भिंग वाकडं घासलं नव्हतं. आज घासा म्हटलं तर त्यांना येत नव्हतं. डावीकडे, डावीकडे, चष्मेवाले हाताला सांगत होते, आणि हात वजन सोडत होता.

तीन आवाज झाले, मग चौथा.

कारकून चालत फळीपाशी गेला, वाकला, मोजून परत आला. "चार," तो म्हणाला आणि पुस्तकात लिहिलं. फौजदार तोंड फिरवून खडकाकडे बघत उभे होते. बऱ्याच वेळानं ते वळले तेव्हा नव्या चष्म्याच्या काचा धुरकट झाल्या होत्या. "नऊ वर्षांत," ते म्हणाले, "माझा पहिला खरा पास." परवान्यावर आणखी एका वर्षाचा शिक्का बसला.

बायको दारातच उभी होती. चष्मेवाल्यांचा चेहरा पाहून तिनं विचारलं, "किती?"

"चार."

ती पायरीवर बसली. ते शेजारी बसले. रस्त्यावरून एक सायकल गेली, एक टेम्पो गेला.

"एक तरी चुकली म्हणायची," बायको म्हणाली.

"हो. पहिली."

"मग बाकीच्यांना काय धाड भरली होती?"

"पहिलीच्या वेळी लक्षात होतं गं," चष्मेवाले म्हणाले.

बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं. हसायचं नाही असं तिनं ठरवलेलं दिसत होतं, पण तिचे खांदे हलले. मग हलायचे थांबले, आणि ती पदरानं डोळे पुसून आत गेली. चष्मेवाल्यांची पेटी उघडून तिनं एकेक शर्ट काढून कपाटात ठेवायला सुरुवात केली. मग ते पेटीपाशी येऊन एकेक शर्ट तिच्या हातात देत गेले. नातीसाठी घेतलेलं लाकडी बदक त्यांच्या पेटीत होतं, ते तिनं आपल्या पेटीत घातलं.

सकाळी ते तिला बसवर सोडायला गेले. सामान चढवलं, खिडकीखाली उभे राहिले. बायकोनं शेजारच्या रिकाम्या जागेवर आपली हातातली पिशवी ठेवली आणि ती घसरू नये म्हणून पट्टा दांडीला बांधला.

"शेजारच्यांना भाजी आणायला सांगितलीय," ती खिडकीतून म्हणाली. "आणि तिला काय सांगू?"

"कुणाला, लेकीला?"

"नाही. धाकटीला. ती विचारणार."

चष्मेवाल्यांनी विचार केला. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. "सांग," ते म्हणाले, "आबा बातम्या देतात."

बस वळणापर्यंत जाताना दिसली, मग दिसेनाशी झाली. दुकान उघडायला वेळ होता, तरी चष्मेवाले भराभर निघाले. नव्या शिक्क्याप्रमाणे घर एका रात्रीपेक्षा जास्त सोडायचं नव्हतं, आणि त्यांना ते सोडून अर्धा तास झाला होता.